प्रतिबंध आणि विश्वास : पोलिओ निर्मूलनाचा धडा



बरा झालेला रुग्ण डॉक्टरांचे आभार मानतो. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल मात्र कोणी आभार मानत नाही. प्रतिबंधाचे यश असे अदृश्य असते. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांना लसीइतकीच लोकांच्या विश्वासाची गरज असते. भारतातील पोलिओ निर्मूलन हे याचे बोलके उदाहरण होय.

पोलिओवर रोग बरा करणारे औषध नाही. लसीकरण हाच त्यावरील मार्ग. जागतिक आरोग्य सभेने १९८८ मध्ये निर्मूलनाचा ठराव केला आणि १९९५ मध्ये भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. लस मोफत होती व घरापर्यंत पोहोचत होती. तरीही २००२ मध्ये देशात सुमारे १,६०० रुग्ण आढळले; त्यांपैकी बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते.

पश्चिम उत्तर प्रदेशातील काही वस्त्यांत लसीमुळे वंध्यत्व येते, अशी अफवा पसरली होती. तिच्यामागे केवळ अज्ञान नव्हते. जेथे शुद्ध पाणी, गटारे व साधे उपचारही दुर्मीळ होते, तेथे शासन वारंवार दोन थेंबच घेऊन दारी का येते, ही शंका स्वाभाविक होती. सक्तीने ती अधिकच बळावली असती.

त्यामुळे मोहिमेची पद्धत बदलली. वस्तीतीलच स्त्रिया संवादक म्हणून घरोघरी जाऊ लागल्या. इमाम, शिक्षक तसेच अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिल्लिया इस्लामिया यांसारख्या संस्थांचे सहकार्य घेण्यात आले. लसीबरोबरच स्वच्छता, स्तनपान व अतिसारावरील उपचार यांचाही प्रसार झाला. जानेवारी २०१० मध्ये अधिक परिणामकारक द्विसंयोजी लस आली. २००९ मध्ये ७४१ असलेली रुग्णसंख्या २०१० मध्ये ४२ वर आली. देशातील अखेरचा नैसर्गिक विषाणूजन्य रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

चांगली लस व लोकांचा विश्वास यांपैकी एकानेच हे साधले नसते. शेजारच्या पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप नष्ट झालेला नाही. आजार दिसेनासा झाला की लसही अनावश्यक वाटू लागते. नेमक्या त्याच वेळी लसीकरण चालू ठेवावे लागते. पालकांच्या शंकेला शासन किती आदराने उत्तर देते, यावरच ते अवलंबून राहील.