दंडाची पाटी लावण्यापूर्वी



बोरिवली असो, अंधेरी असो, घाटकोपर किंवा मुलुंड असो, कुठल्याही सोसायटीत शिरा आणि लिफ्टशेजारचा सूचनाफलक वाचा. पाहुण्यांची गाडी आत लावल्यास दंड. ओला आणि सुका कचरा एकत्र दिल्यास दंड. मुलं आवारात क्रिकेट खेळली तर आईवडिलांना दंड. मीटिंगला आला नाहीत तर दंड. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी 30 सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. आणि प्रत्येक सभेत कोणीतरी उठून म्हणतंच, ‘या लोकांना सांगून काही उपयोग नाही. पाचशे रुपये लावा, मग बघा कसे सरळ होतात.’ त्यावर माना डोलतात आणि ठराव मंजूर होतो.

मला मिळालेली सगळी मिनिटं या एका वाक्यासाठी हवी आहेत. पैसे लावले की माणसं खरंच सरळ होतात का?

मी व्यवस्थापनशास्त्र शिकवते. आपल्या उपनगरांत या विषयाच्या संस्थांची वाण नाही. पवईची नीटी 1963 साली सुरू झाली, 2023 पासून ती आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते. अंधेरीत, विलेपार्ल्यात नावाजलेल्या संस्था आहेत. या संस्थांत फक्त कंपन्यांचा नफा शिकवतात अशी पुष्कळांची समजूत असते. पण गेली काही दशकं या क्षेत्रातले संशोधक एका अगदी घरगुती प्रश्नाच्या मागे लागले आहेत. दोन माणसांच्या मध्ये पैसा आला की त्यांचं वागणं कसं बदलतं? हे संशोधन त्याच रस्त्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात पोहोचत नाही, याचं मला वाईट वाटतं. ते पोहोचायला हवं, कारण त्याचा उपयोग तिथेच आहे.

इस्रायलमध्ये हैफा नावाचं बंदराचं शहर आहे. तिथल्या 10 पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अभ्यासकांनी 20 आठवडे एक प्रयोग केला. पाळणाघर चार वाजता बंद व्हायचं. काही आईवडील उशिरा यायचे आणि एखाद्या बाईंना मुलाजवळ थांबावं लागायचं. पहिले चार आठवडे या दोघांनी नुसती मोजणी केली. पाचव्या आठवड्यापासून 10 पैकी 6 पाळणाघरांत पाटी लागली: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर 10 शेकेल दंड. उरलेल्या चार ठिकाणी काहीच बदललं नाही.

उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढला. वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. जिथे दंड नव्हता, तिथे आधी होता तेवढाच राहिला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी वाढलेला उशीर खाली आला नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण ऐकताना एवढाच भाग निसटतो: दंड काढल्यावरही लोक पूर्वीसारखे वागू लागले नाहीत. हे संशोधन 2000 साली प्रसिद्ध झालं आणि लेखाचं शीर्षकच ‘दंड म्हणजे किंमत’ अशा अर्थाचं आहे.

असं का झालं? दंड नव्हता तेव्हा उशीर झालेली आई धावत यायची. बाई आपल्यासाठी थांबल्या आहेत, त्यांनाही घर आहे, हे तिच्या मनाला लागायचं. शिवाय असा उशीर रोज झाला तर पुढे काय होईल, मुलाला काढून टाकतील का, हेही तिला ठाऊक नव्हतं. पाटीने दोन्ही गोष्टी मिटवल्या. बाईंच्या थांबण्याला दर लागला, आणि उशिराची जास्तीत जास्त शिक्षा 10 शेकेल हेही कळलं. मग संकोच कशाचा? पैसे भरतोय की!

आता हेच आपल्याकडे पाहा. पाहुण्यांच्या गाडीला दंड लागण्यापूर्वी लोक वॉचमनला विनवायचे, ज्यांची जागा अडली त्यांच्या दारी जाऊन ‘अर्ध्या तासात काढतो हं’ असं सांगून यायचे. दंड लागल्यावर काचेतून हात बाहेर येतो आणि शब्द ऐकू येतात, ‘पावती फाडा.’ गाडी रात्रभर तिथेच. आणि ज्यांची जागा अडली ते आजोबा औषधं घेऊन फाटकाबाहेर रिक्षातून उतरतात. त्यांना त्या पाचशेतलं काय मिळालं?

माझ्या मनात यासाठी नेहमी विरजणाचा विचार येतो. दूध कोमट करायचं, कालच्या दह्याचा चमचाभर भाग त्यात घालायचा आणि भांडं झाकून रात्रभर तसंच ठेवायचं. मध्येच उठून ढवळलं तर ते लागत नाही. शेजाऱ्याची अडचण ओळखून वागणं हे असं लागतं. हळूहळू, कालच्या थोड्याशावर. त्याच दुधाला उकळी आणून लिंबू पिळलं तर डोळ्यांदेखत काम होतं, दूध फाटतं. कमिटीला हेच आवडतं, कारण परिणाम लगेच दिसतो. पनीर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. ते कापता येतं, वजनावर विकता येतं. पण त्याचं दही होत नाही, आणि उद्याच्या दुधाला लावायला चमचाभर विरजणही मागे उरत नाही. हैफात दंड काढून टाकला म्हणजे लिंबू बाजूला ठेवलं. फाटलेलं दूध त्याने पुन्हा जुळत नाही.

आणखी एक. घरातलं विरजण संपलं की पूर्वी वाटी घेऊन शेजारी जायची पद्धत होती. आता मुलुंडला, बोरिवलीला, घाटकोपरला चार मजली इमारती पाडून वीस-बावीस मजले उठत आहेत. जुनी बिऱ्हाडं आणि नवे खरेदीदार एकाच लिफ्टमध्ये उभे राहतात आणि एकमेकांची नावं त्यांना माहीत नसतात. वाटी घेऊन जायचं कोणाकडे? दंडाच्या पाट्या सगळ्यात जास्त अशाच इमारतींत दिसतात. चेहरा ओळखीचा नसला की आपण दर लावतो. या मुद्द्यावर खूप बोलता येईल, पण मला अजून डबेवाल्यांकडे जायचं आहे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी 2010 साली आपल्या डबेवाल्यांवर केस स्टडी केली, आणि नोव्हेंबर 2012 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत त्यांचा लेख आला. त्याचं आपल्याला मोठं कौतुक. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची माणसं, 1890 पासूनची परंपरा, झाकणावरच्या खुणा आणि रंग, हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते मी सांगत बसत नाही. त्या अभ्यासातल्या ज्या गोष्टीवर आपण थांबत नाही ती मला सांगायची आहे. डबा वेळेवर तयार न ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचं डबेवाले काय करतात?

सकाळी अंधेरीत किंवा घाटकोपरला डबेवाला दारात येतो. त्याला अजून पंचवीस-तीस घरं करायची असतात. मग स्टेशनवर डबे लावायचे, मग लगेजच्या डब्यात चढायचं, आणि लोकल फलाटावर मिनिटभरही थांबत नाही. एका स्वयंपाकघरात पाच मिनिटं गेली तर ती पाच मिनिटं पुढच्या सगळ्या डब्यांची गेली. एखादी कंपनी असती तर तिने उशिराबद्दल वीस रुपये जादा लावले असते. आणि मग काय झालं असतं ते हैफाने सांगितलंच आहे. प्रत्येक दारात ऐकू आलं असतं, ‘वीस रुपये घ्या, पण पोळ्या होईपर्यंत थांबा.’ डबेवाला असा दर लावत नाही. तो सांगतो, ‘ताई, उद्या डबा तयार ठेवा.’ दोनतीनदा सांगतो. तरी जमलं नाही तर त्या घरचा डबा बंद करतो. त्याची ती पाच मिनिटं विकत मिळत नाहीत, आणि ती विकत मिळत नाहीत हे माहीत असल्यामुळेच घराघरांतून डबा वेळेवर दाराशी येतो.

गिऱ्हाइकाशी त्याचं नातं आहे, आणि नात्यात दोन्ही बाजूंना काम असतं. आपण डबेवाल्यांची अचूकता मिरवतो, पण त्या अचूकतेतला निम्मा वाटा सकाळी लवकर उठून कणीक मळणाऱ्या बाईचा आहे. हा वाटा तिच्याकडून कोणी दंडाच्या धाकाने घेतलेला नाही.

तुम्ही म्हणाल, डबेवाल्यांतही दंड आहेत. आहेत. टोपी घातली नाही, कामावर असताना दारू प्यायली, तर दंड होतो. पण तो कोण ठरवतं? त्यांचीच माणसं. मुकादमाच्या हाताखालचा प्रत्येक गडी त्या टोळीच्या कमाईत भागीदार असतो, पगारी नोकर नव्हे. दंड करणाऱ्याच्या डोक्यावरही तीच टोपी असते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जंगलं, पाटाचं पाणी, गायरानं लोक मिळून कशी सांभाळतात हे त्यांनी जगभर पाहिलं. जिथे नीट चाललं होतं, तिथे शिक्षा होती, पण ती अगदी लहानशीपासून सुरू व्हायची आणि लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असायचे. ऑस्ट्रॉम यांच्यासाठी खरं तर स्वतंत्र भाषण हवं. आज एवढंच घ्या की दंडाला सरसकट माझा विरोध नाही.

मेंटेनन्स थकवणाऱ्यावर उपविधींप्रमाणे सरळव्याज लावता येतं. ते लावा. तो पैशाचाच व्यवहार आहे, त्याला पैशाचं उत्तर योग्य. खिडकीतून बाटली टाकून कोणाचं डोकं फुटत असेल तर पाचशे रुपयांवरही थांबू नका, पोलिसांत जा. मी बोलते आहे ती मधल्या गोष्टींबद्दल. जिना, पार्किंग, कचरा, मुलांचा खेळ, रात्रीचा आवाज. ज्या आजवर संकोचाने आणि शेजारधर्माने चालत आल्या, त्यांना दर लावू नका. एकदा लावलात की तो काढूनही उपयोग होत नाही. हे तिसऱ्यांदा सांगते आहे, आणि मुद्दाम सांगते आहे.

हैफाच्या त्या दोघा अभ्यासकांचा दुसरा प्रयोग गणपतीच्या वर्गणीवाल्यांनी ऐकावा असा आहे. इस्रायलमध्ये शाळकरी मुलं घरोघर फिरून समाजकार्यासाठी देणग्या गोळा करतात. त्यांचे तीन गट केले. एकाला काही द्यायचं नाही, दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या 1 टक्का, तिसऱ्याला 10 टक्के. हे पैसे देणगीतून जाणार नव्हते, अभ्यासक देणार होते. सर्वांत जास्त रक्कम जमवली ती काहीच न मिळणाऱ्या मुलांनी. त्यांच्यामागे 10 टक्केवाले. सर्वांत मागे 1 टक्का मिळणारे. तेव्हा वर्गणीला फिरणाऱ्या पोरांना बक्षिसाची कुपनं देण्याचा विचार एखाद्या मंडळात चालू असेल तर थांबा. त्यांना पहिल्या आरतीचा मान द्या. रक्तदान शिबिरांत भेटवस्तू वाटतात, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो... पण समोरचा काटा पुढे सरकतो आहे, तो विषय सोडते.

तुमच्या सभेत दंडाचा ठराव आलाच, तर तो एकदम मंजूर करू नका. दोन विंग असतील तर हैफासारखं करून पाहा. आधी चार आठवडे कोणालाही काही न सांगता नुसती मोजणी करा, किती गाड्या चुकीच्या लागल्या. मग ए विंगला पाटी लावा. बी विंगमध्ये पाटी नको. तिथे कमिटीतल्या कोणीतरी गाडीवाल्याच्या घरी जायचं आणि ज्यांची जागा अडली त्यांना बरोबर न्यायचं. बेल वाजवायची, ओळख करून द्यायची, बस. रागावायचं नाही. आणखी चार आठवडे मोजा. मग ए विंगची पाटी काढा आणि पुन्हा चार आठवडे मोजा. सभेत मत देताना हे आकडे समोर असू द्या.

मोजायचं काम वॉचमनला द्याल तर त्याला एक वही आणि पेन द्या, आणि या कामाचे वेगळे पैसे द्या, चांगले द्या. चहाच्या कपावर त्याची बोळवण करू नका. तो बारा-बारा तास उभा असतो, हे काम त्याच्या ठरलेल्या कामात नाही आणि तुमच्या इमारतीत त्याचं घरही नाही. त्याच्याकडून शेजारधर्माची अपेक्षा करायची आणि पगार मात्र... वेळ संपली, मला थांबायला हवं.