चित्रातली खरखर

श्रोतेहो, दूरचे स्टेशन लावले की रेडिओवर बोलण्यात खरखर मिसळते. तशी ती चित्रातही असते बरे का! गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने आमच्या थोरल्या काकांचा फोटो ओसरीवर, समईच्या उजेडात, मोबाइलने काढला. महिन्याभराने काका गेले. अलीकडचा तेवढा एकच फोटो. मोठा करून पाहतो, तर चेहऱ्यावर वाळू उधळल्यासारखे ठिपके! भाचा म्हणाला, "मामा, जास्त मेगापिक्सेलचा फोन असता तर असं झालं नसतं." म्हटले, "थांब बाबा, हिशेब तसा नाही."

कॅमेऱ्यात भिंगामागे सिलिकॉनची चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर बारीक घरे आखलेली असतात. दहा लाख घरे म्हणजे एक मेगापिक्सेल. प्रकाश कणाकणाने येतो, आणि कोणत्या घरात किती कण पडतील याला नेम नाही. अंगणात सारख्या वाट्या मांडून पावसाचे थेंब मोजा, दोन वाट्यांचा आकडा सहसा जुळायचा नाही. हा चढउतार साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शिक्षकबंधूंनी फळ्यावर मांडून पाहावे : 10,000 कण पडले तर चढउतार 100, म्हणजे शेकडा 1, 100च पडले तर 10, म्हणजे शेकडा 10. समईच्या उजेडात झाले ते हेच.

आता चकती तेवढीच ठेवून घरे चौपट केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव हिस्सा प्रकाश येतो. एकेक घर पाहाल तर खरखर दुप्पट! पण म्हणून जास्त मेगापिक्सेल वाईटच, असे म्हणणारेही अर्धेच सांगतात. चित्र त्याच आकारात पाहिले, तर शेजारची चार घरे मिळून एक होतात आणि बेरीज पुन्हा तेवढीच भरते. प्रत्येक घर वाचताना यंत्र आपली थोडी खरखर घालते, ती मात्र काळोखात जाणवते. नोकियाने 2012 साली 41 मेगापिक्सेलचा फोन काढला होता. तो अशीच घरे एकत्र करून 5 मेगापिक्सेलचे चित्र देई.

तेव्हा वाट्या किती, यापेक्षा अंगण केवढे ते आधी विचारावे. मोठ्या कॅमेऱ्याची चकती 36 बाय 24 मिलिमीटरची असते, मोबाइलची करंगळीच्या नखाएवढी. दुकानदार बहुधा मेगापिक्सेलच सांगतो.

भाच्याला फोटो भिंतीएवढा हवा होता. आम्ही तो पोस्टकार्डाएवढा छापला. ठिपके एकमेकांत मिसळून गेले, काकांची मिशी नीट दिसू लागली. काकूंनी तो देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवला आहे.