लव्ह, फ्रेंड आणि आपला लोभ



'प्रेमाचे इंग्रजी शब्द' हा विषय जाहीर होताच मागचा बाक हसला. म्हणजे बाकाची सवय अजून गेलेली नाही.

'लव्ह' हा शब्द आपण पुस्तकाआधी शाळेच्या भिंतीवर वाचला. पण तो तितका परका नाही. जुन्या इंग्रजीत तो 'लुफु' होता आणि संस्कृतातला 'लुभ्' धातू त्याचा चुलतभाऊ. त्याच 'लुभ्'पासून आपला 'लोभ' झाला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी अशी कितीतरी नाती जुळवली.

'फ्रेंड'चं नातं पाहा. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत पुष्कळदा 'फ' येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. तसाच 'प्री' धातू. त्याच्यापासून आपल्याकडे प्रिय आणि प्रेम आले, तिकडे त्याच कुळात फ्रेंड झाला. मूळ अर्थ 'प्रेम करणारा'.

आणखी एक, खास आपल्या शाळेसाठी. रजेच्या अर्जातला 'लीव्ह' हाही 'लव्ह'च्याच घरातला. त्याचा मूळ अर्थ राजीखुशीनं दिलेली परवानगी. बाई, आमच्या पोटदुखीच्या अर्जांवर आपण सह्या केल्यात, त्या या हिशेबानं प्रेमाच्याच म्हणायच्या!

आता लोभाकडे येतो. मराठीनं त्याचे दोन अर्थ सांभाळले. एक हावेचा, दुसरा पत्राच्या शेवटचा, 'लोभ असावा' हा. पत्रं बंद झाली आणि दुसरा अर्थ दिसेनासा झाला. पहिला मात्र वाढला. रांजणगावला एमआयडीसी आली, आपल्या भागातल्या जमिनींना भाव आला. घरं वर आली, पोरं शिकली, हे चांगलंच झालं. पण वाटणीवरून भावाभावांचं बोलणं बंद झालं, अशीही घरं आहेत. आज इथल्या काही खुर्च्या त्यामुळेच रिकाम्या आहेत. एक येणार म्हटल्यावर दुसरा आला नाही, आणि मग पहिलाही आला नाही.

त्यांना निरोप गेला होता तो मोबाइलवर. माझं म्हणणं असं, की दोघांनाही हातानं लिहिलेलं पत्र जाऊ द्या, सगळ्यांच्या सह्यांचं, आणि खाली जुन्या रीतीनं लिहू: लोभ आहेच, तो वाढावा. पोस्टकार्डं मी आणली आहेत. जेवणं झाली की लिहायला बसू. अक्षर चांगलं असलेल्यांनी पुढे यावं.