घशांतले दांत व माशांची कुळें

जुन्नर तालुक्यांतलें डिंगोरे हें माळशेज घाटाच्या वाटेवरचें गांव. इकडचें पाणी पुढें कुकडीला, कुकडीचें घोड नदीला आणि घोडचें भीमेला मिळतें. या खोऱ्यांतल्या गृहिणीला माशांचें वर्गीकरण शिकवावें लागत नाहीं. खवल्यांचा मासा निराळा, गुळगुळीत कातडीचा शिंगाळा निराळा, सापासारखी वांब निराळी, हें ती पाटीकडे पाहतांच सांगते. शास्त्रज्ञाची पहिली पायरी याहून फार दूर नाहीं.

घोटाळा होतो तो खवल्यांच्या माशांत. रोहू, महासीर आणि बोटभर लांबीची चिमुकली मासळी हीं एकाच कुळांतलीं! या कुळाच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात. मग मिशा किती, अंगाच्या बाजूच्या रेषेवर खवले किती, पाठीवरच्या पराचा कांटा गुळगुळीत कीं करवतीसारखा, असें मोजीत बसावें लागतें.

कर्नल साइक्स यांनीं १८२४ पासून दख्खनची सरकारी माहिती गोळा केली व १८३९ मध्यें येथल्या माशांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांत खुद्री, कोळस, घोगरा हीं आमच्या कोळ्यांच्या तोंडचीं नांवें त्यांनीं शास्त्रीय नांवांत जशीच्या तशीं गोंविलीं. मला हें फार आवडतें. लंडनच्या विद्वानांस तीं उच्चारतांना काय कष्ट पडले असतील तें असो.

चिमुकल्या मासळीची मोजदाद अजून संपलेली नाहीं. पुष्कळ वर्षें पुंटियस या एकाच नांवाखालीं राहिलेली ही मंडळी २०१२ मध्यें निरनिराळ्या घरांत विभागली गेली. त्यांतल्या पेथियाचें नांव सिंहली भाषेंतून घेतलेलें आहे. भीमेला पाणी देणाऱ्या पवना व नीरा नद्यांतून याच घराण्याची एक नवी जात २०१६ मध्यें नोंदली गेली. म्हणजे पुण्याच्या दारांतच ती इतका काळ अनाम पोहत होती.

नांवाचा हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर खुद्रीचीं पिलें कृत्रिम रीतीनें वाढविलीं, आणि तीं दूरदूरच्या नद्यांत सोडलीं गेलीं. हेतु चांगला होता. परंतु महासीर म्हणजे महासीरच, अशी समजूत होती. कावेरींत पाठीवर वशिंड असलेला तिचा स्वतःचा महासीर होता. तेथें हे पाहुणे वाढत गेले व घरचा मासा दुर्मिळ झाला. तो टॉर रेमादेवी होय, हें २०१८ मध्यें निश्चित झालें; आणि त्याच वर्षीं त्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदीं कांठावरील प्राण्यांच्या जागतिक यादींत झाली.