उत्तरं पुरे झाली, आता काम दाखवू या

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात लघु माहितीपटांविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)

अस्सलामु अलैकुम, नमस्कार, मित्रमैत्रिणींनो.

व्हिडिओची सुरुवात अशी कधीही करू नका. इथे तुम्ही खुर्च्यांवर बसला आहात, उठून जायला संकोच वाटतो, म्हणून माझा सलाम आणि प्रस्तावना चालून जाते. मोबाइलवर बघणाऱ्याला कसला संकोच? अंगठा वर सरकला की आपण गेलो. यूट्यूब स्टुडिओमध्ये कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उरले याचा आलेख दिसतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर का पडला हे लॉग वाचून शोधणं माझं रोजचं काम, आणि हा आलेख मी तसाच वाचतो. फिरणारा लोगो, ड्रोनमधून मिनार, हळवं संगीत, मग निवेदकाचा सलाम आणि आभार. एवढं होईपर्यंत ती रेषा खाली घसरलेली असते. लोगो शेवटी लावा, कुणी रागावणार नाही.

पण हा झाला दुरुस्तीचा भाग. मला आज त्याआधीच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे, ती म्हणजे विषय.

आपल्या मुलामुलींचे व्हिडिओ मी बरेच बघतो. त्यात दोन प्रकार फार आहेत. एक रमजानचा: मोहम्मद अली रोड, कबाब, मालपुवा, गर्दी. त्याबद्दल तक्रार नाही, खाणं कुणाला आवडत नाही! पण वर्षाचे अकरा महिने आपण काय करतो, हे त्यातून कळत नाही. दुसरा प्रकार उत्तराचा. कुठली तरी क्लिप फिरते, तिच्यात आपल्याबद्दल धडधडीत खोटं असतं, आणि आपला एखादा मुलगा रात्रभर जागून उत्तराचा व्हिडिओ करतो. 'आम्हीही या मातीतले', 'आम्हीही मराठी बोलतो'. खोटी क्लिप पुराव्यानिशी खोडून काढणं गरजेचं आहे, ते काम चोख करणारे लोकही आहेत. मात्र तो माहितीपट नव्हे. उत्तराच्या व्हिडिओत प्रश्न समोरच्यानं ठरवलेला असतो. त्याची क्लिप आपणच पुन्हा वाजवतो, आणि आपल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून त्याच्याकडून साक्ष घेतो.

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२चा माहितीपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहा. दिल्लीच्या वजिराबादमधले दोन मुसलमान भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. घरातल्या तळघरात साबणाच्या यंत्रांचा त्यांचा धंदा, आणि तिथेच पक्ष्यांचा दवाखाना. सिनेमा चालू असताना बाहेर नागरिकत्व कायद्याविरोधातली आंदोलनं होतात, २०२०ची दंगल होते. भाऊ घारीचे पंख तपासत राहतात. त्यांना कुणी कॅमेऱ्यासमोर बसवून 'मुसलमान म्हणून काय वाटतं' असं विचारत बसत नाही, तरी शहरावर चढत जाणारी भीती आपल्याला कळते. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' तसाच. बातम्यांमधलं मालेगाव म्हणजे दंगल आणि २००६, २००८चे बॉम्बस्फोट. या सिनेमात यंत्रमागावरचा एक हडकुळा कामगार सुपरमॅन होतो आणि त्याचे मित्र तुटपुंज्या पैशांत त्याला उडवायच्या खटपटी करतात. हसता हसता गावाची गरिबी, कामाचे तास, हौस, सगळं दिसतं. दोन्ही सिनेमे मोठ्या लांबीचे आहेत, पण युक्ती सहा मिनिटांतही चालते: माणसाला काम करू द्या आणि आपण त्या कामात खरोखर रस घ्या.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ आणि त्यावर सगळा हिशेब मांडू. मिरज. तिथली सतार-तानपुरे बनवणारी घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली आणि आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेचेच झाले होते, १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही तिथल्या दर्ग्याच्या आवारात झालं, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीताची मैफल होते. तानपुऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांतून.

ही माहिती ऐकून तुमच्यातले निम्मे मनात निवेदन लिहायला लागले असतील. 'गंगा-जमनी तहजीब', 'सलोख्याचं प्रतीक मिरज'. ते वाक्य लिहू नका. शेतातला भोपळा दाखवा, तो वाळताना दाखवा, कारागिराच्या हातात आलेला दाखवा. बघणाऱ्याला डोकं आहे.

माहिती म्हणजे अजून व्हिडिओ नव्हे. त्याला प्रश्न लागतो, आणि प्रश्न असा, ज्याचं उत्तर कारागिरालाही सहज देता येणार नाही. माझा प्रश्न असा असेल: मोबाइलवर फुकट तानपुरा वाजतो, मग लाकडाचा कोण घेतो? त्याच्या धंद्याचा, त्याच्या मुलाच्या भविष्याचा हा प्रश्न आहे. बघणारा नांदेडचा असो की न्यू जर्सीचा, यंत्रानं आपलं काम जाईल का ही धास्ती त्यालाही आहे. आम्हा इंजिनिअर लोकांना तर सध्या फारच.

याचं उत्तर कारागीर बोलून देणार नाही, जवारी काढून देईल. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका बाक असतो. कारागीर तो घासत घासत असा आणतो की तार त्याला टेकत-सुटत थरथरावी. तारेखाली सुताचा धागा सरकवतात. तो केसभर इकडेतिकडे झाला की मुका आवाज एकदम उघडतो, स्वरांची झुंबड बाहेर येते. हा क्षण तुमचा व्हिडिओ आहे. सुरुवातच त्यानं करा: मुका आवाज, धागा सरकवणारी बोटं, आणि उघडलेला आवाज. कोण, कुठला, हे नंतर सांगा.

आणि इथेच बहुतेक व्हिडिओ फसतात, कारण आपण कॅमेऱ्यावर पैसे घालतो आणि आवाज फोनवर सोपवतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये गोंगाट काढायचं बटण असतं. ते सतत एकसारखा येणारा आवाज शोधतं आणि दाबतं, कारण पंखा किंवा फ्रिज असाच घुमत असतो. तानपुराही असाच घुमतो! म्हणजे ज्या आवाजासाठी तुम्ही मिरजेला गेलात तोच आवाज बटण खाऊन टाकणार. फोन आपणहून आवाजाची पातळी खालीवर करतो, त्यामुळे मुका आणि उघडा यांतला फरकही पुसला जातो. म्हणून पातळी हातानं ठरवता येईल असं रेकॉर्डिंगचं ॲप दुसऱ्या फोनवर घ्या, तो फोन वाद्यापासून हात-दीड हातावर ठेवा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की काम झालं. बोलण्यासाठी साधा कॉलर माइक पुरतो. निघण्याआधी कुणीही न बोलता कारखान्याचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या. दोन तुकडे जोडताना खाली तो अंथरता येतो.

चित्राचं एकच सांगतो, कारण ते आपल्या देशाच्या विजेशी जोडलेलं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रावर काळे पट्टे फिरतात. फोनच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. तरी पट्टे आले तर दिवा बंद करा आणि माणसाला खिडकीपाशी बसवा.

प्रश्न विचारताना 'कसं वाटतं' विचारू नका. 'चाचा, बिघडलेली जवारी कशी वाजते, ऐकवता का?' असं विचारा. हात कामाला लागले की जीभही सुटते. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. खरं वाक्य पुष्कळदा तिथे येतं.

भाषेबद्दल मी आग्रही आहे. मिरजेतला कारागीर घरात दखनी बोलेल, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि फोन वाजला तर एकाच वाक्यात दोन्ही. त्याला 'जरा शुद्ध मराठीत सांगा ना' म्हणू नका. तो शुद्ध बोलायला लागला की सरकारी जाहिरात होते. तो बोलतो ते तसंच ठेवा, खाली मराठी उपशीर्षकं द्या आणि त्यातही त्याचा लहेजा थोडा उतरू द्या. आमचंही मराठीपण आहे, हे ओरडून सांगायची गरज त्या एका फोनकॉलनं संपते. उपशीर्षकं आपोआप तयार होतात, पण मराठीत ती भलतंच लिहितात, हातानं तपासा. उभ्या व्हिडिओत ती अगदी तळाशी ठेवू नका, तिथे ॲपची बटणं आणि नाव येतं. एका वेळी दोन ओळींहून जास्त नकोत, वेलांट्या-मात्रा एकमेकींत अडकतात.

लांबीचं विचारतात सगळे. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटं झाली आहे. मी म्हणेन, आडवा सहा-सात मिनिटांचा करा आणि जवारीचा एक मिनिट उभ्या चौकटीत वेगळा चित्रित करा. आडव्यातून उभा कापला की एक तर हात जातात, नाही तर तोंड.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी आहे ती. आपण व्हिडिओ टाकतो आणि दुसऱ्या शूटिंगला जातो. ज्याला दाखवलं तो मात्र त्याच गल्लीत, त्याच दुकानात बसलेला असतो. आजच्या वातावरणात नाव, दाढी, पाटी आणि पत्ता एका चौकटीत येणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. दुकानदाराला पाटी दाखवायची असेल, धंदा आहे त्याचा, तर जरूर दाखवा, पण त्याला विचारून. मुलांचे शाळेचे गणवेश, गाडीचे नंबर, भिंतीवर लिहिलेले फोन नंबर टाळा. घरातल्या बायका कामात असतील, आणि अनेक घरांत त्या असतात, तर त्यांना त्यांच्याच तोंडून विचारा. घरातल्या पुरुषाचा होकार त्यांचा होकार होत नाही. चेहरा नको म्हणाल्या तर हात आणि आवाज घ्या. आवाजही नको म्हणाल्या तर तेही माना.

एडिटिंग संपल्यावर आणखी एक तपासणी करा. सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी आम्ही ते मुद्दाम मोडून बघतो. तसा तुमचा व्हिडिओ द्वेष करणाऱ्याच्या नजरेनं बघा: यातले कुठलेही पंधरा सेकंद कापून फिरवले तर काय अर्थ निघेल? समजा चाचा वैतागून उपहासानं म्हणाले, 'आम्हाला कोण विचारतंय, जाऊ निघून कुठं तरी.' पुढच्या-मागच्या संदर्भात ते धंद्याबद्दल आहे. कापल्यावर ते कशाबद्दल होईल, सांगायला नको. ते वाक्य काढायचंच असं मी म्हणत नाही. वाक्य संपण्याआधी चित्र त्या रिकाम्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर न्या, म्हणजे संदर्भ चित्रातच राहतो. आणि टाकण्याआधी पूर्ण व्हिडिओ चाचांना, त्यांच्या घरच्यांसोबत बसून दाखवा. ते 'हे काढ' म्हणाले तर काढा. एक चांगलं वाक्य गेलं तर जाऊ दे.

मूळ फाइल, पूर्ण रेकॉर्डिंग आणि संमतीचा व्हिडिओ दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. उद्या कुणी कापलेली क्लिप फिरवली तर चाचांच्या हातात द्यायला तोच पुरावा असेल.

दुपारच्या सत्रात कॅमेरा कुणीही काढायचा नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, बाहेर बाजारात जा, परवानगी घेऊन एखाद्या कारागिराच्या कामाचा एक मिनिट फक्त आवाज आणा. चार वाजता डोळे मिटून ऐकू आणि ओळखू, तो काय बनवत होता.