मापाची सायकल



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'सायकल' एवढेच सांगितले. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा एखाद्या कारखान्यातील टाळेबंदीवर बोलेल, असा त्यांचा समज झाला. पुढे 'कार्बनची, माप घेऊन बांधलेली, शर्यतीची सायकल' असे लिहून पाठविल्यावर त्यांनी जरा चाचरतच विचारले, "ती लाखांत जाते ना?" जाते, कित्येक लाखांतही जाते. अशा वस्तूचे कौतुक आमच्यासारख्याने करावे की नाही, हाच आजचा प्रश्न समजा.

कारंजेकरांना धाग्याची ओळख करून देणे नको. सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्यात या गावाच्या पिढ्या गेल्या. कार्बन हाही धागाच. एका कृत्रिम तंतूला आधी हवेत भाजतात, मग प्राणवायू लागू न देता हजार अंशांच्या वर तापवितात. जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. लांबीच्या दिशेने ताणला तर तो पोलादाला हार जात नाही, आडव्या दिशेने मात्र त्यात दम नाही. म्हणून राळेत भिजविलेले त्याचे पट्टे निरनिराळ्या दिशांनी एकावर एक बसवितात. नळीच्या लांबीने घातलेले पट्टे वाकणे रोखतात, तिरपे घातलेले पीळ रोखतात. पोलादाची नळी सगळीकडून सारखीच ताठ असते. येथे ताठपणा कोठे हवा आणि लवचीकपणा कोठे, हे बांधणारा ठरवितो. पायडलच्या आसाभोवती सांगाडा बाजूला झुकला नाही, तर पायाचा जोर वाया जात नाही. १९८६ साली ग्रेग लेमाँ फ्रान्सची मोठी शर्यत कार्बनच्या सांगाड्यावर जिंकला, आणि पुढे शर्यतीचे मैदान या धाग्याने व्यापले.

आता मापाकडे येऊ. दुकानातली कार्बनची सायकल बहुधा साच्यात घडते. साचा फार महाग, म्हणून पाच-सात मापांत सारे जग बसवायचे. तयार सदऱ्यासारखेच हे. माप घेऊन बांधणारा कारागीर साचा वापरीत नाही. तो नळ्या हव्या त्या लांबीच्या आणि कोनाच्या कापतो, चिकटवितो, सांध्यांवर कार्बनचे कापड गुंडाळतो, भट्टीत पक्के करतो आणि घासून गुळगुळीत करतो. तो तुमची उंची विचारून थांबत नाही. मांडी, धड, हात, खांदे, पाठ किती वाकते, जुनी दुखापत कोणती, सारे टिपून घेतो.

हे आम्हांला पुस्तकातून पटले नव्हते. नागपूरच्या एका स्नेह्यांनी आपली अशी सायकल आम्हांला तासभर दिली. उंची त्यांची-आमची सारखी. पायडलवर पाय ठेवताच सायकल पुढे निघाली, ती जणू आमच्याही आधी! चढावर उभे राहून जोर दिला, तरी खालून कुरकूर नाही, डुलणे नाही. खडबडीत डांबरावरचा कंप हातांपर्यंत यायचा, पण त्याची धार बोथट झालेली. जन्मभर काळ्या, वीस किलोच्या सायकलीवर गावे पालथी घातलेल्या माणसाला हा प्रकार नवा होता. मात्र वीस मिनिटांनी आमचे खांदे अवघडले. त्यांचे हात आमच्यापेक्षा लांब! उंची तीच, सायकल उत्तम, पण ती दुसऱ्याची होती आणि तिने तसे स्पष्ट सांगितले.

येथे एक कबुली द्यावयास हवी. तो मऊपणा आम्ही सगळा कार्बनच्या खात्यावर मांडला होता. उतरल्यावर स्नेह्यांनी हसत टायर दाखविले : २८ मिलिमीटर रुंद, हवा थोडी कमी. खड्ड्याचा धक्का प्रथम टायर खातो आणि सर्वांत जास्त तोच खातो. त्याच्यापुढे सांगाड्याचे लवणे अगदी थोडे. विक्रेते हे मोठ्याने सांगत नाहीत, कारण हवा फुकट मिळते. वजनाचेही तसेच. आंतरराष्ट्रीय शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. पण त्या मर्यादेसाठी हजारो रुपये ओतणाऱ्या हौशी गृहस्थाच्या पोटावरचे दोन किलो कोणी मोजीत नाही.

मग खरे मोल कशाचे? आमच्या मते मापाचे. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की काहींना डोके वर धरवत नाही. अशा ठिकाणी बैठकीतील दोन-चार मिलिमीटरची चूक लाखो फेऱ्यांनी गुणली जाते.

आणि ही चूक केवळ शर्यतवाल्याचीच गुणली जाते काय? रोज पंधरा मैल जाऊन-येऊन पाळी करणारा कामगार वर्षाकाठी किती फेऱ्या मारतो? त्याला मात्र सायकल मिळते ती बहुधा एकाच मापाची. साडेपाच फुटी आणि सहा फुटी दोघांनाही तीच. हत्यार माणसाच्या मापाचे असावे, माणूस हत्याराच्या मापाचा करू नये, ही मागणी आम्ही कारखान्यांत तीस वर्षे करीत आलो. ती मागणी पुरी झालेली आम्ही प्रथम पाहिली ती या चैनीच्या वस्तूत. राग यावा की आनंद व्हावा, हे त्या क्षणी ठरेना.

ही वस्तू बनविणारे हातही विसरू नका. जगातील बहुतेक कार्बन सांगाडे तैवान आणि चीनमध्ये होतात. यंत्र ते ओकते असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात शेकडो पट्टे नकाशाप्रमाणे कामगार हातांनी एकेक करून बसवितात. कच्च्या राळेने कातडीला खाज-पुरळ उठते, घासताना उडणारी धूळ घशाला लागते. हातमोजे, मुखपट्टी आणि धूळ ओढणारा पंखा नसेल तर त्या गुळगुळीतपणाची किंमत दुसराच कोणी देतो. इकडे काळ्या सायकलीची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. ३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

मापाची सायकल कार्बनचीच हवी असेही नाही. पुण्यात वायुदलातील निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावाने बांबूच्या सायकली बांधल्या. बांबू म्हणजे तरी काय, निसर्गाने लांबीच्या दिशेने बसविलेले तंतूच! आपल्या विदर्भात मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत बांबू आहे आणि बुरुडाचा हातही आहे.

त्या तासाभराच्या फेरीनंतर आम्ही एक खोड लावून घेतली. जिनिंगच्या हंगामात गेटसभेला जाताना पिशवीत पत्रकांबरोबर एक पाना असतो. सभा संपली की सायकलीवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगतो. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. दहांत सातांची सीट खाली असते. मूर्तिजापूर रस्त्यावरून येणारा एक वयस्क हमाल सीट दोन बोटे वर करून चक्कर मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, हा गुडघा सायकलीचा व्हय! मी त आजवर वयाचाच समजत होतो." त्याच्या शेजाऱ्याची सीट मात्र गंजून इतकी घट्ट बसली होती की पाना चालेना. रॉकेल सोडून रात्रभर ठेवायला सांगितले आहे. उद्या सकाळच्या पाळीला पुन्हा बघू.