डिस्क दिसत नाही म्हणजे गेली असं नाही



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय असतो. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्याला यूएसबीने जोडलेली एसएसडी, आणि तिच्यावर घरातले सगळे फोटो. आमच्याकडे पाय 4 आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी मुलीला आजीचा पुरणपोळीचा निरोप ऐकायचा होता. आई असताना तिने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेले असे निरोप मी त्या डिस्कवर जपून ठेवले होते. फोल्डर उघडलं तर रिकामं. डिस्कच दिसेना.

इथे मी एक चूक केली, ती आधी सांगतो. घाईघाईत डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपने विचारलं, डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? मुलगी 'हो' दाबणारच होती. मी तिचा हात धरला. मंडळी, पायवरची डिस्क बहुतेक वेळा लिनक्सच्या पद्धतीने, ईएक्सटी 4 मध्ये, तयार केलेली असते. विंडोजला ती सहसा वाचता येत नाही, म्हणून ते असं विचारतं. याचा अर्थ डिस्क बिघडली असा नाही. त्या प्रश्नाला नेहमी 'नाही' म्हणा.

मग तपासायचं कसं? बाहेरून आत यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सर्वांत आधी वीज. पाय 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअरच मिळतात. फोनचा जुना चार्जर किंवा बारीक केबल लावली की पाय चालू होतो, दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं. पण डिस्कने जोर मागितला की व्होल्टेज पडतं आणि डिस्क गायब होते. स्क्रीन जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण दिसते.

दुसरं, केबल आणि मधला अडॅप्टर. पाय नीट बंद करा, केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, निळा पोर्ट बदलून पाहा. शक्य असेल तर दुसरी केबल लावा.

तिसरं, पायलाच विचारा. टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी टाइप करा. यूएसबीवर काय जोडलंय ते कळतं. मग एल-एस-बी-एल-के. त्यात डिस्क आणि तिचे भाग दिसतात. पहिल्या यादीत काहीच नसेल तर दोष वीज, केबल किंवा अडॅप्टरमध्ये शोधा. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, तर अडॅप्टर भेटला पण डिस्कशी बोलणं होत नाहीये. दोन्हींत आहे आणि फोल्डर मात्र रिकामं, तर डिस्क फक्त माउंट झालेली नाही. एखादा पेन ड्राइव्ह लावल्यावर एसडीए नावाची डिस्क एसडीबी होऊन बसते, म्हणून सेटिंगमध्ये नावाऐवजी तिचा यूयूआयडी लिहावा.

डी-मेसेज ही आज्ञा नोंदवही उघडते. ती डी-एम-ई-एस-जी अशी लिहायची, बहुधा आधी सुडो लावून. डिस्क जोडल्याबरोबर शेवटच्या ओळी वाचा. 'अंडर-व्होल्टेज' दिसलं तर पुन्हा चार्जरकडे वळा. 'यूएएस'च्या चुका सारख्या येत असतील तर तो अडॅप्टर पायशी जुळत नाहीये. वेगळ्या चिपचा अडॅप्टर घेणं सर्वांत सोपं.

पाय 5 वर एनव्हीएमई डिस्क थेट बसवली असेल तर पहिला संशय त्या चपट्या रिबन केबलवर घ्या. ती किंचित तिरकी बसली तरी डिस्क दिसत नाही. आणि एम-टू आकाराची प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. साटाची डिस्क तिथे बसलीच, तरी चालणार नाही.

आमच्याकडे काय निघालं? व्हॅक्यूम करताना मीच सगळे प्लग काढले होते, आणि परत लावताना पायला फोनचा चार्जर लावला. मूळ ॲडॉप्टर सोफ्यामागे पडला होता. तो लावला, डिस्क आली. स्वयंपाकघरात आईचा आवाज आला, "कणीक सैल भिजव गं, आणि तेल हात आखडून घालू नकोस."

त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. तिसरी पुण्याला बहिणीकडे पाठवली. कारण डिस्क कधीतरी खरोखर जातेच, आणि त्या दिवशी चार्जर बदलून भागत नाही. तुमच्या घरात असा एखादा आवाज एकाच डिस्कवर असेल, तर आज जेवणं झाल्यावर त्याची प्रत काढा.